तुटलेल्या धाग्याने घडवलेली मोटार

यवतमाळ जिल्ह्यात जुन्या इनोव्हाचा सौदा ठरताना एक वाक्य हमखास कानी पडते, ‘इंजिनाले आजून पाना नाई लागला, भाऊ.’ मीटरवर दोन-तीन लाख किलोमीटर पडलेले असतात, आसनांच्या खोळी विटलेल्या असतात, तरी विकणारा भाव सोडत नाही आणि घेणाराही फार घासाघीस करत नाही. टोयोटा या नावावर एवढा भरवसा कोठून आला? त्याचे मूळ मोटारीच्या कारखान्यात नाही. ते एका हातमागावर आहे, सुताच्या तुटणाऱ्या धाग्यात. आणि सुताशी तर या जिल्ह्याचे नाते पिढ्यान्‌पिढ्यांचे.

१८९३ मध्ये जमशेदजी टाटा आणि एका जपानी जहाज कंपनीने मिळून मुंबई ते कोबे अशी वाहतूक सुरू केली. हिंदुस्थानचा कापूस जपानी गिरण्यांच्या चात्यांवर चढू लागला आणि त्यात वऱ्हाडच्या आखूड धाग्याच्या कापसाला चांगली मागणी होती. पुढे यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी ‘शकुंतला’ धावू लागली, तीही याच कापसासाठी. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला आपला कापूस समुद्रापार कोणाच्या हाती पडतो, हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याच काळात जपानमधला सुताराचा एक मुलगा सुताच्याच एका कोड्याने झपाटला होता.

साकिची टोयोडा १८६७ मध्ये शिझुओका प्रांतातल्या एका गरीब खेड्यात जन्मला. घरोघर बायका मागावर बसत. त्याची आईही विणत असे. दिवसभर राबून हाती पडणारे कापड थोडके आणि मोबदला त्याहून थोडका, हे तो पाहत होता. शिक्षण जेमतेम, पण हात सुताराचे. कोठारात दार लावून तो लाकडी माग जोडी, मोडी आणि पुन्हा जोडी. गावाने त्याला वेड्यात काढले आणि वडिलांचाही या उद्योगाला विरोध होता. १८९० मध्ये टोकियोत औद्योगिक प्रदर्शन भरले, तेव्हा हा तरुण तेथे जाऊन दिवसेंदिवस यंत्रांसमोर उभा राहिला. त्याच वर्षी त्याचा सुधारित लाकडी हातमाग तयार झाला. पेटंट मिळाले, पैसा मात्र मिळाला नाही. हात वेगाने चालू लागला तरी माग शेवटी हातानेच चालवायचा होता.

खरी अडचण यंत्रशक्ती वापरू पाहताच उभी राहिली. माणूस विणत असतो तेव्हा बाण्याचा धागा तुटलेला त्याला दिसतो आणि हात थांबतो. वाफेवर चालणाऱ्या मागाला डोळे नसतात. धागा तुटला तरी तो धडधडत राहतो आणि पुढचे सारे कापड वाया जाते. म्हणून प्रत्येक मागाशेजारी एक माणूस नुसता पहारा देत उभा करावा लागे. यंत्राने माणसाची मेहनत वाचवायची, तर माणूसच यंत्राचा राखणदार होऊन बसला होता.

साकिचीला येथेच गवसले. वेग वाढवण्यात सारे जग गुंतले असताना त्याने प्रश्न उलटा धरला : माग जलद कसा चालेल, यापेक्षा तो योग्य क्षणी कसा थांबेल? बाण्याचा धागा तुटताक्षणी किंवा धोट्यातली कांडी संपताक्षणी यंत्राला आपोआप बंद पाडणारी एक साधी योजना त्याने बसवली. १८९६ मध्ये असा यंत्रमाग उभा राहिला. धागा तुटला आणि माग थबकला. दोष पुढे सरकण्याआधीच जागच्या जागी अडला. पुढच्या शंभर वर्षांची बीजे त्या थबकण्यात होती.

कीर्ती आली, पण सुख आले नाही. चालता माग न थांबवता धोटा बदलायचा, हे त्याचे पुढचे स्वप्न होते. त्यासाठी प्रयोगांवर पैसा ओतला जाई आणि भागीदार कुरकुरत. अखेर १९१० मध्ये, स्वतःच्या नावाने उभ्या राहिलेल्या कंपनीतूनच त्याला बाहेर पडावे लागले. खचलेला साकिची अमेरिका आणि युरोपच्या वाटेने निघाला. तिथल्या रस्त्यांवर त्याने मोटारी पाहिल्या आणि तिथल्या गिरण्यांत मागही पाहिले. आपला माग कमी नाही, ही खात्री घेऊन तो परतला. मागाची परीक्षा घ्यायची तर सूतही चांगले हवे, म्हणून त्याने सूतगिरणीच काढली. १९२४ मध्ये मुलगा किइचिरो याच्या साथीने ‘जी’ प्रकारचा स्वयंचलित माग सिद्ध झाला. पूर्ण वेगात चालता चालता तो धोटा बदलत असे, आणि एक कामगार ३० ते ५० माग सांभाळू शके. १९२९ मध्ये इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सने या मागाच्या हक्कांसाठी १ लाख पौंडांचा करार केला. ज्या लँकेशायरने जगाला यंत्रावर कापड विणायला शिकवले, ते आता जपानी सुताराच्या मुलाकडून यंत्र घेत होते. पुढच्याच वर्षी, ३० ऑक्टोबर १९३० रोजी, साकिचीने डोळे मिटले.

किइचिरोच्या डोक्यात मात्र मोटारीने घर केले होते. जपानच्या रस्त्यांवर तेव्हा फोर्ड आणि जनरल मोटर्सचे राज्य होते. दोघांचेही जुळणी कारखाने खुद्द जपानमध्ये चालत. मागाच्या कारखान्याने मोटार बनवावी, हा विचार घरातल्यांनाही धोक्याचा वाटला. कंपनीचे अध्यक्ष आणि किइचिरोचे मेहुणे रिसाबुरो साशंक होते. कारखान्याच्या एका कोपऱ्यात किइचिरोने छोट्या इंजिनाचे प्रयोग आरंभले. १९३३ मध्ये रीतसर मोटार विभाग निघाला. एक शेवरोले विकत आणून तिचा सुटा-सुटा भाग मांडण्यात आला, मोजण्यात आला.

मोजणे सोपे होते. घडवणे जिवावर आले. मागाचे लोखंडी भाग ओतण्यात या कारखान्याचा हात बसलेला होता, पण इंजिनाचा ठोकळा आतून पोकळ. त्यात पाणी खेळायला वाटा हव्यात. साच्यातले वाळूचे गाभे ढासळत, ओतीव लोखंडात छिद्रे पडत. एकामागून एक ठोकळे भंगारात गेले आणि त्यांची गणती शेकड्यांत पोहोचली. कारागीर साचा बदलत, वाळू बदलत, गाभ्याची कृती बदलत. अखेर सप्टेंबर १९३४ मध्ये पहिले इंजिन धडधडले. आनंद मावळायला मात्र वेळ लागला नाही, कारण शेवरोलेच्या मानाने त्याचा जोर कमी पडत होता. पुन्हा आखणी, पुन्हा ओतकाम. इंजिनाचे मुंडके नव्याने घडवले तेव्हा कोठे ते परक्या इंजिनाच्या तोडीस तोड उतरले.

मे १९३५ मध्ये पहिली नमुना मोटार उभी राहिली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पहिला ट्रक टोकियोत लोकांसमोर यायचा होता. कारखान्यातून निघालेल्या ट्रकच्या स्टीअरिंगचा भाग वाटेतच मोडला. माणसांनी रात्र जागवून तो दुरुस्त केला आणि ट्रक ऐन वेळी प्रदर्शनात पोहोचला. पुढे ग्राहकांच्या हाती गेलेले ट्रकही जागोजाग बंद पडत. बंद पडलेल्या ट्रकची खबर आली की किइचिरो स्वतः धावे, गाडीखाली शिरे आणि काय मोडले, का मोडले, हे पाही. प्रत्येक बिघाड कारखान्यात परत येई आणि पुढची गाडी त्यातून सुधारे. बापाने मागाला शिकवलेला धडा लेक माणसांना शिकवत होता.

१९३७ मध्ये टोयोडांच्या या मोटार विभागातून टोयोटा मोटर कंपनी स्वतंत्र झाली. मग महायुद्ध आले आणि पाठोपाठ पडझड आली. १९५० च्या आरंभी कंपनी दिवाळखोरीच्या काठावर उभी होती. बँकांनी हात दिला, पण नोकरकपातीची अट घातली. कामगारांनी संप पुकारला. कोणालाही कामावरून काढणार नाही, असा शब्द दिलेल्या किइचिरोने जूनमध्ये अध्यक्षपद सोडले. त्याच महिन्यात कोरियाचे युद्ध पेटले, अमेरिकी सैन्याने ट्रकची मागणी नोंदवली आणि कंपनी तरली. पुढचे वैभव पाहायला किइचिरो फार काळ राहिला नाही. २७ मार्च १९५२ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, तो गेला.

धाग्याची गोष्ट मात्र संपली नव्हती. ताइइचि ओहनो नावाचा अभियंता १९४३ मध्ये टोयोडांच्या सूतगिरणीतून मोटार कारखान्यात आला. गिरणीत एक माणूस कितीतरी माग सांभाळतो आणि इथे एकेका यंत्रापुढे एकेक माणूस खिळलेला, हे त्याला खुपले. त्याने मागाचे तत्त्व मोटारीच्या रांगेत आणले. दोष दिसला की यंत्राने थांबायचे. पुढे तर साध्या कामगारालाही दोरी ओढून सारी रांग थांबवण्याचा अधिकार मिळाला. अन्य कारखान्यांत रांग थांबणे म्हणजे अनर्थ मानला जाई. येथे चूक पुढे जाऊ देणे हा अनर्थ ठरला.

हिंदुस्थानातला पहिला प्रयत्न मात्र टोयोटाला मानवला नाही. १९८० च्या दशकात डीसीएम या देशी कंपनीच्या भागीदारीत हलके ट्रक निघाले, पण ती घडी फार काळ टिकली नाही. दुसऱ्या वेळी जपानी उद्योगाने हात धरला तो किर्लोस्करांचा. या घराण्याचे मूळपुरुष लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ चे, म्हणजे साकिचीहून अवघे दोन वर्षांनी धाकटे. बेळगावात सायकलींचे दुकान चालवणाऱ्या या माणसाने लोखंडी नांगर घडवला, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल या भीतीने शेतकरी तो घेईनात. पहिले मोजके नांगर विकायलाच दोन वर्षे गेली. त्यांनी नांगर सुधारला, पुन्हा सुधारला आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. एकाने मागापासून आरंभ केला, दुसऱ्याने नांगरापासून. दोघांच्याही घरी शेवटी मोटार आली.

आणि ती आलीही जपानमधल्याच क्रमाने. १९९५ मध्ये लक्ष्मणरावांचे पणतू विक्रम किर्लोस्कर यांच्या पुढाकाराने आधी सूतकताईची यंत्रे बनवणारी कंपनी निघाली आणि १९९७ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर. बंगळुरूजवळच्या बिडदीतून जानेवारी २००० मध्ये क्वालिस बाजारात आली. रूप ओबडधोबड म्हणून जाणकारांनी नाके मुरडली. पण एकत्र कुटुंबाला रूपाशी काय करायचे होते? आजी-आजोबांसह सारे घर मावले आणि टॅक्सीवाल्यांची गाडी दारात उभी न राहता रस्त्यावर धावू लागली. खप जोरात असतानाच कंपनीने क्वालिस बंद करून २००५ मध्ये इनोव्हा आणली. पुढे इनोव्हा क्रिस्टा आली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये इनोव्हा हायक्रॉसचे अनावरण झाले. त्याच महिन्याच्या २९ तारखेला विक्रम किर्लोस्कर यांचे निधन झाले.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात या गाडीचे मोल वेगळेच कळते. वणीपासून उमरखेडपर्यंत पसरलेला हा मुलूख, वाटेत घाट, जंगल आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. मोठ्या दवाखान्यासाठी नागपूर गाठायचे, दर्शनासाठी पंढरपूर किंवा शेगाव. रात्रीबेरात्री घाटात गाडी बंद पडली तर हाकेला ओ देणारे कोणी नसते. अशा ठिकाणी माणूस चमक विकत घेत नाही, पोहोचण्याची हमी घेतो. म्हणूनच येथे नवी घेताना जड वाटलेली किंमत विकताना परत हाती येते आणि मिस्त्रीही ग्राहकाला जुनी इनोव्हा घ्यायला बिनदिक्कत सांगतो.

कोणतेही नाव निर्दोष नसते. २००९-१० मध्ये टोयोटाला जगभरातून लाखो गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या, आणि किइचिरोचा नातू अकिओ टोयोडा यांना अमेरिकी संसदेच्या समितीपुढे माफी मागावी लागली. वाढीच्या घाईत थांबायचे राहून गेले, असेच त्यांच्या कबुलीचे सार होते. पणजोबांचा धडा विसरला गेला की काय घडते, याचा तो पुरावा होता.

३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्करने महाराष्ट्र शासनाशी सामंजस्य करार केला. छत्रपती संभाजीनगर येथे सुमारे २० हजार कोटी रुपयांचा मोटार कारखाना उभारण्याचा हा प्रस्ताव आहे. उद्या यवतमाळच्या तंत्रनिकेतनातली मुले तेथे कामाला गेली, तर त्यांना आधी दोरी ओढायला शिकवले जाईल. चूक दिसताच थांबण्याची हिंमत हाच साकिचीचा खरा शोध होता.