मोजून घातलेली फुली

दुसुतीचं कापड उजेडाकडे धरलं, की जोडधाग्यांमधली बारीक भोकं दिसतात. फुलीच्या टाक्याचं सगळं शिक्षण त्या भोकांत आहे. साखळी टाका किंवा गव्हाचा टाका आधी छापलेल्या रेषेवरून चालतो. फुलीला रेषा लागत नाही. कागदावरची घरं मोजायची आणि तेवढीच कापडावर मोजायची. म्हणून ‘मला चित्र काढता येत नाही’ असं म्हणून मागे राहणाऱ्यांनी भरतकाम इथूनच सुरू करावं, असं माझं ठाम मत आहे.

ही मोजणी आपल्याकडे दोन वाटांनी आली. एक वाट धारवाड-बेळगावकडची. इरकली लुगड्यांवरच्या कशिद्यात, म्हणजे कसुतीत, चार टाके असतात: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. गवंती आणि मुरगी दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात, गाठ कुठेच नसते. मेंथी म्हणजे आपली फुलीच; भरगच्च भरायला तीच वापरतात. रथ, गोपुरं, हत्ती, तुळशीवृंदावनं हे सारं त्या बायकांनी छाप्याशिवाय, बारीक कापडाचे धागे मोजून उभं केलं. त्यांच्या डोळ्यांपुढे मी नेहमीच नतमस्तक होते.

दुसरी वाट युरोपातली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जेन बॉस्टॉक या बाईचा 1598 सालचा नमुना-कपडा आहे, त्यातही फुली आहे. 1886 मध्ये तेरेझ द दिलमाँ यांचा सुईकामाचा ज्ञानकोश निघाला आणि चौकटीच्या कागदावरचे नमुने देशोदेशी पोहोचले. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने 1909 पासून बायकांच्या शिक्षणाला शिवण-भरतकामाची जोड दिली. हातातल्या कामातून दोन पैसे मिळावेत, ही त्यामागची दृष्टी मला आजही मोलाची वाटते.

मावळात भाताची लावणी आटोपली, की या कामाला बसता येतं. सामान थोडंच लागतं, आणि गावात मिळालं नाही तर पुण्याची लोकल धरून तुळशीबाग गाठावी. पहिल्या कामाला चौदा काउंटचं आयडा कापड घ्यावं, म्हणजे इंचाला चौदा घरं. सत्तर घरांचा नमुना पाच इंच भरतो. चारी बाजूंना अडीच-तीन इंच कापड जास्त ठेवावं. सुई बोथट टोकाची, चोवीस नंबरची. लडीतला धागा सहा पदरी असतो, त्यातले दोनच पदर काढायचे, लांबी हातभर. याहून लांब धागा गुंततो आणि पिंजतो.

कापडाची दोनदा घडी घालून मध्य काढावा आणि तिथूनच सुरुवात करावी. गाठ मारू नये. धाग्याचं टोक मागच्या चार-पाच टाक्यांखाली दाबावं. एका ओळीतले तिरके टाके आधी एका दिशेने घालत जावं आणि परतताना त्यांवर दुसरे घालावेत. वरचा टाका सगळीकडे एकाच दिशेला झुकलेला हवा. नव्या हाताचं काम विस्कटलेलं दिसतं ते बहुधा एवढ्याचमुळे. रंग चुकला तर डोळ्यांना तो मानवतोही, दिशा चुकलेली मात्र लगेच टोचते.

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे इथे आणखी एक पथ्य आहे. सुई कापडात खोचून ठेवू नये, दमट हवेत गंजाचा डाग पडतो आणि तो सहजी जात नाही. काम थांबलं की कापड ताणून धरणारी रिंगही काढावी. लाल धाग्याचा रंग सुटतो का, ते आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघावं.

नमुना कुठला घ्यावा? मावळात राहून कार्ल्याच्या चैत्यगृहाची पिंपळपानी कमान काढावीशी वाटणारच. पण फुलीला वळण जमत नाही, ती चौकोनांच्या पायऱ्या करते. कमान वीस घरांत कोंबली तर जिन्यासारखी दिसेल; साठ घरं, म्हणजे सव्वाचार इंच दिले, तर नजर तिला गोल मानते. तेवढा धीर येईपर्यंत कसुतीतलं तुळशीवृंदावन घ्यावं. त्याला पायऱ्या मुळातच आहेत.