आधी कागदावर ओस पाडलेलं बेट

दिएगो गार्सिया हे नाव आपल्याला ठाऊक आहे ते युद्धाच्या बातम्यांतून. 1991चं आखाती युद्ध असो, 2001चं अफगाणिस्तान की 2003चं इराक, अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं हिंदी महासागरातल्या याच बेटावरून उडाली. तिथे पूर्वी नारळाचे मळे होते आणि माणसं होती, हे बातम्यांत क्वचितच येतं. मादागास्कर-मोझांबिकहून आणलेल्या गुलामांचे आणि पुढे आलेल्या भारतीय गिरमिटियांचे हे वंशज. नारळ फोडावेत, खोबरं वाळवावं, मासे धरावेत, असं त्यांचं जगणं. त्यांचे कितीतरी पूर्वज तिथेच पुरलेले.

1965 साली ब्रिटनने दिएगो गार्सिया ज्यात येतं तो चागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडला. मोबदला 30 लाख पौंड. पुढच्याच वर्षी दिएगो गार्सिया अमेरिकेला तळासाठी दिलं. बदल्यात पोलारिस क्षेपणास्त्रांच्या व्यवहारात 1 कोटी 40 लाख डॉलरची सूट, तीही गुपचूप. अडचण माणसांची होती. कायमचे रहिवासी आहेत म्हटलं, की संयुक्त राष्ट्रांना जाब देणं आलं. म्हणून ती कंत्राटी मजूर ठरवली गेली. 1966च्या एका टिपणात ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या अधिकाऱ्याने त्यांना ‘टारझन’ आणि ‘मॅन फ्रायडे’ म्हटलं आहे. मला हा सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटतो: बेट आधी फायलीत ओस पडलं, बोटी नंतर आल्या.

1968पासून औषधोपचारासाठी मॉरिशसला गेलेल्यांना परतीची बोट नाकारली जाऊ लागली. मग बेटांवर येणारा शिधा आटत गेला. 1971मध्ये दिएगो गार्सियावरची कुत्री खोबरं वाळवायच्या शेडमध्ये कोंडून गाड्यांच्या धुराने मारली. त्यात लोकांची पाळीव कुत्रीही होती. 1973पर्यंत साऱ्या बेटांवरची सुमारे दीड ते दोन हजार माणसं हलवली गेली. बहुतेकांच्या वाट्याला मॉरिशसमधल्या पोर्ट लुईच्या झोपडपट्ट्या आल्या.

1982च्या 40 लाख पौंडांच्या भरपाईवेळी परतीचा हक्क सोडल्याच्या इंग्रजी कागदांवर अनेक निरक्षरांचे अंगठे घेतले गेले. आपल्याकडच्या सावकारांनाही हे जमलं असतं.

चागोसवासीयांचे नेते ऑलिव्हिए बँकू यांनी 2000 साली परतीच्या हक्कासाठी लंडनच्या उच्च न्यायालयात सरकारला हरवलं. 2004मध्ये सरकारने राणीच्या नावाने हुकूम काढून तो निकाल निष्फळ केला आणि 2008मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायाधीशांनी तीन विरुद्ध दोन मतांनी हुकूम उचलून धरला. 2010मध्ये चागोसभोवती सागरी अभयारण्य जाहीर झालं. माशांना संरक्षण मिळालं म्हणायचं. 2019मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने चागोस तोडणंच बेकायदा ठरवलं. त्या बहुमतात मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती दलवीर भंडारीही होते.

22 मे 2025 रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांनी करार केला. सार्वभौमत्व मॉरिशसला, तळ 99 वर्षं ब्रिटनकडे, भाडं वर्षाला सरासरी 10 कोटी 10 लाख पौंड. मॉरिशसने ठरवलं तर इतर बेटांवर वस्ती होऊ शकेल, दिएगो गार्सियावर मात्र नाही. वाटाघाटी दोन सरकारांमध्ये झाल्या. चागोसवासी त्यात पक्षकार नव्हते.