शस्त्र हाती कोण देतो?

‘मुलगी डॉक्टर झाली’ ही वार्ता आता आपल्या सीमाभागातील घरांत नवलाची राहिलेली नाही. परंतु तीच मुलगी ‘मला सर्जन व्हायचे आहे’ असे म्हणू लागली, की वडीलधारी मंडळी क्षणभर गप्प होतात. ‘बालरोग घे, नेत्ररोग घे, रात्री-अपरात्रीची ही दगदग तुला कशी झेपणार?’ असा सल्ला मिळतो. शेतमजुराच्या किंवा तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाईच्या मुलाला तर असा सल्ला देणारेही कोणी नसते. सर्जन कसा घडतो, हे ठाऊक असल्यावाचून या काळजीचे मूळ समजावयाचे नाही.

एम.बी.बी.एस.ची साडेपाच वर्षे संपल्यावर प्रवेशपरीक्षेतील गुणक्रमाने एम.एस.ची जागा मिळते. पुढील तीन वर्षे ‘निवासी डॉक्टर’ म्हणून रुग्णालयातच काढावयाची असतात. ही विद्या पुस्तकी नव्हे. प्रथम मलमपट्टी, केसपेपर आणि रात्रपाळ्या; मग शस्त्रक्रियेच्या वेळी जखमेच्या कडा बाजूला धरून ठेवण्याचे काम; पुढे टाके घालणे; आणि त्यानंतर गुरूच्या देखरेखीखाली हर्निया, अपेंडिक्स अशा शस्त्रक्रिया. आज शस्त्र कोणाच्या हाती द्यावयाचे, हे वरिष्ठ मंडळी बहुधा टेबलाशीच ठरवितात. ग्यानबाची मेख आहे ती येथे. प्रवेशाची यादी सरकार लावते. शिकण्याची संधी मात्र माणसे देतात.

प्रवेशाच्या दारासाठी आपल्याकडे मोठे झगडे झाले आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली निपाणीत बहिष्कृत परिषद भरली ती १९२५ साली. त्याच सुमारास मुंबईच्या कामा रुग्णालयात डॉ. जेरुशा झिराड आपला मार्ग काढीत होत्या. शिवमोगा येथे १८९० साली जन्मलेल्या या बाई मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली समाजातील. ग्रँट मेडिकल कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या, १९१९ साली त्यांनी लंडनची एम.डी. मिळविली आणि १९२८ पासून १९४७ पर्यंत कामा रुग्णालयाची धुरा वाहिली. प्रत्यक्ष इंग्लंडातही रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सची पहिली स्त्री फेलो होण्यास १९११ साल उजाडावे लागले, हे ध्यानी घेतले म्हणजे झिराडबाईंच्या कर्तृत्वाची उंची कळते.

आज कायद्याने दार उघडले आहे. अखिल भारतीय कोट्यातील पदव्युत्तर जागांत अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण आहेच. २०२१ पासून इतर मागासवर्गीयांना २७ टक्के आणि आर्थिक दुर्बलांना १० टक्के जागा मिळू लागल्या. पण दाराच्या आत काय घडते? दिल्लीच्या ‘एम्स’मधील भेदभावाच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी २००६ साली नेमलेल्या प्रा. सुखदेव थोरात समितीने मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या वाट्याला येणारी वेगळी वागणूक उघडपणे मांडली. त्यानंतरही, २२ मे २०१९ रोजी, मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या, तडवी भिल्ल समाजातील डॉ. पायल तडवी हिचा अंत झाला. वरिष्ठ सहकारी जातीवरून छळ करीत होते, असा आरोप तिच्या कुटुंबीयांनी केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. न्यायनिवाडा न्यायालय करील. पण शिकावयास आलेल्या मुलीचे शिकणे वरिष्ठांच्या मर्जीवर किती अवलंबून असते, हे या घटनेने साऱ्या देशापुढे आणले.

काही अडचणी याहून साध्या दिसतात, पण रोज नडतात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतील पुष्कळ उपकरणांच्या मुठी मोठ्या पंजाला सोयीच्या असतात. लहान हाताला त्या आवळून धराव्या लागतात. टेबलाची उंची मुख्य सर्जनच्या मापाने ठरते. ठेंगण्या मुलीला पायाखाली चौरंग लागतो. तो मागितला म्हणून कोणी हसू नये, इतकेच. बाळंतपणाची रजा हा हक्क आहे, उपकार नव्हे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या नियमांनी, कामाची निकड सांभाळून, आठवड्याची सुट्टी आणि वर्षाकाठी किमान २० दिवसांची पगारी रजा मान्य केली आहे. नियम कागदावरून वॉर्डात उतरावा, एवढीच अपेक्षा.

आपणां सीमावासीयांना भाषेचा आणि रहिवासाचा प्रश्नही आहे. निपाणीला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. राज्य मात्र वेगळे. पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशात केवळ रहिवासावरून आरक्षण ठेवणे घटनेशी विसंगत आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी दिला. सीमेवरच्या मुलांना याचे मोल निराळे सांगावयास नको. बेळगावच्या रुग्णालयांत चंदगडचा शेतकरी येतो, गोकाकचा येतो, गोव्याचाही येतो. मराठी, कन्नड, कोकणी आणि उर्दू समजणारा निवासी डॉक्टर तेथे रुग्णालयाची दौलतच होय. पोटात नेमके कुठे व कधीपासून दुखते, हे म्हातारी आपल्या बोलीतच नीट सांगते. आणि निदान चुकले, तर कुशल हातही व्यर्थ जातो. म्हणून आपल्या मुलांनी कन्नड मनापासून शिकावे, असे एक शिक्षक म्हणून मी आग्रहाने म्हणेन. त्यात मराठीची हानी नाही, रुग्णाचे हित आहे.

उपाय फार खर्चाचे नाहीत. प्रत्येक निवासी डॉक्टराने किती शस्त्रक्रिया पाहिल्या, किती स्वतः केल्या, याची नोंदवही ठेवावीच लागते. विभागप्रमुखांनी ती दरमहा समोर ठेवून कोण मागे पडले आणि का, एवढे विचारले तरी पुष्कळ काम होईल. शस्त्रक्रियांच्या पाळ्या आगाऊ लिहून भिंतीवर लावाव्यात. तक्रार ऐकणारी व्यक्ती त्याच विभागातील नसावी.

आणि घरच्यांनी? मूल दूर शिकत असेल तर ‘जेवलास का?’ या प्रश्नाबरोबर ‘या आठवड्यात टेबलावर काय शिकलास?’ हेही विचारावे. उत्तर महिनोन्महिने ‘काही नाही’ असे आले, तर त्याला नशिबाचा खेळ समजू नये. ज्याच्या हाती आज शस्त्र दिले जात नाही, त्याच्याच हाती उद्या कोण्या आईबापांचे प्राण सोपविले जाणार आहेत.