कॅमेरा, खारफुटी आणि रविवारची सकाळ

एके काळी सिंगापूरहून मुंबईला निघालेल्या माणसाच्या सामानात दुसऱ्या कुणाचा तरी एक कॅमेरा हमखास असायचा. कुणाच्या मेहुण्याने मागवलेला, कुणाच्या साहेबांनी "जमलं तर बघा" म्हणून सुचवलेला. कस्टमच्या धास्तीने तो गळ्यात अडकवायचा आणि आपण जन्मजात पर्यटक आहोत असा चेहरा करून विमानातून उतरायचं! आता मेहुण्याच्या खिशातला फोनच उत्तम फोटो काढतो, त्यामुळे ही ऑर्डर कायमची बंद झाली. पण मंडळी, गंमत अशी की, ज्या काळात कॅमेऱ्याची कुणाला गरज उरली नाही, नेमक्या त्याच काळात पासिर रिसमधल्या आम्हा पाच-सहा मराठी घरांना कॅमेऱ्याचं वेड लागलं आहे.

वेडाला जागा मात्र फार चांगली मिळाली. पासिर रिसचं एम.आर.टी. स्टेशन १९८९ साली सुरू झालं. पूर्वेकडची लाइन इथे संपते. स्टेशनवरून रमतगमत चालत निघालं की पंधरा-वीस मिनिटांत समुद्र, आणि समुद्राला लागून पार्क. या पार्कात सहाएक हेक्टरची खारफुटी राखून ठेवली आहे, तिच्यातून लाकडी पायवाट काढली आहे आणि पक्षी बघायला तीन मजली मनोराही बांधला आहे. ओहोटी असेल तर चिखलात निवट्या उड्या मारताना दिसतात. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या माणसाला निवटी म्हणजे काय हे सांगायला नको. इथे फक्त ती कालवणात जात नाही एवढाच फरक. घोरपड असते, खंड्या असतो, उंच झाडांवर राखी बगळ्यांची घरटी असतात. समोर पुलाव उबिन बेट. धनेश पक्षी सिंगापूरमधून जवळजवळ दीडशे वर्षं नाहीसा झाला होता. तो १९९४ साली याच उबिनवर पुन्हा दिसला आणि आता आमच्या ब्लॉकसमोरच्या झाडावरही येऊन बसतो.

पण इथला खरा मानकरी म्हणजे घुबड. स्पॉटेड वुड आउल नावाचं हे मोठं, तपकिरी, ठिपकेदार घुबड पार्कातल्या झाडावर दिवसभर डुलक्या घेत बसलेलं असतं आणि खाली तोफेएवढ्या लेन्सा लावून दहा-बारा चिनी अंकल उभे असतात. आमच्यातल्या एका घरच्या आजींनी हे ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सकाळच्या पारी घुबडाचं तोंड बघायला कोण जातं रे बाबांनो?" आता त्याच आजी नातवाच्या कॅमेऱ्यातला घुबडाचा फोटो शेजारणीला दाखवतात.

आजी-आजोबांचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबून सांगतो. भारतातून आई-वडील दोन-तीन महिने राहायला येतात. पहिला आठवडा सेंटोसा, जुराँग, लिटल इंडिया यांत जातो. मग मुलगा-सून ऑफिसला, नातवंडं शाळेत, आणि ही दोघं बाराव्या मजल्यावर! टी.व्ही. किती बघणार आणि खिडकीतून किती बघणार? गेल्या वर्षी आमच्यातल्या एकाचे वडील सांगलीहून आले होते. तिसऱ्या आठवड्यातच ते परतीच्या तिकिटाची तारीख विचारायला लागले. मुलाने आपला जुना डिजिटल कॅमेरा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही रोज सकाळी फिरायला जाताच ना, मग हा घेऊन जा." बाबांनी तरुणपणी आगफा क्लिक थ्री वापरलेला. एका रोलमध्ये बारा फोटो, त्यामुळे बोट दाबायच्या आधी माणूस दहा वेळा विचार करायचा. ती सवय त्यांची गेली नव्हती. बाकीचे अंकल सेकंदाला दहा-वीस फोटो काढत असताना बाबा एक काढायचे. हळूहळू त्या अंकल मंडळींशी त्यांची ओळख झाली. यांना मँडरिन येत नाही, त्यांना मराठी येत नाही, इंग्रजी दोघांचंही बेताचं. पण घुबड कोणत्या फांदीवर आहे हे सांगायला बोट पुरतं. एका अंकलनी आपला ट्रायपॉड त्यांना वापरायला दिला, कोपीही पाजली. बाबांनी तिकीट एक महिना पुढे ढकललं. छंदाचे फायदे सांगणारी पुस्तकं बरीच असतील. आम्हाला हा एक फायदा पुरेसा वाटतो.

आता फिल्म की डिजिटल, हा नेहमीचा वाद. डिजिटल कॅमेरा जन्माला आला तोच मुळी फिल्म विकणाऱ्या कंपनीत. कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने १९७५ साली पहिला नमुना बनवला. चित्र अवघ्या दहा हजार ठिपक्यांचं, आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. याच तंत्राने पुढे फिल्मचा बाजार बसवला आणि जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. त्यानंतर काय व्हावं, तर तरुण पोरं पुन्हा फिल्मकडे वळली! २०२४ साली पेंटॅक्सने फिल्मचा नवा कोरा कॅमेरा बाजारात आणला. नाव पेंटॅक्स १७. तो अर्ध्या चौकटीचा असल्यामुळे छत्तीसच्या रोलवर बहात्तर फोटो निघतात. (हे गणित मराठी मनाला लगेच पटतं!) जुना कॅमेरा हवा असेल तर सिटी हॉल स्टेशनजवळची पेनिन्सुला प्लाझा आणि पेनिन्सुला शॉपिंग सेंटर ही दोन ठिकाणं पालथी घालावीत. घेण्याआधी मागचं झाकण उघडून शटर चालवून बघा आणि लेन्समधून उजेडाकडे पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. तो कॅमेरा स्वस्त का आहे ते तिथेच कळेल.

आमचं मत विचाराल तर शिकायचं डिजिटलवर. चूक तिथल्या तिथे दिसते, पैसे लागत नाहीत, आणि उडत्या पक्ष्यामागे फिल्म घालवणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. फिल्म ठेवावी माणसांसाठी. रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून तीस-पस्तीस डॉलर सहज जातात, म्हणजे फोटोमागे जवळजवळ एक डॉलर. त्यामुळे समोरच्या माणसाकडे आपण नीट बघतो, आणि तोही नीट बसतो. शाळेच्या सुट्टीत आम्ही मुलांना घरटी एक रोल देतो. छत्तीस फोटो, सुट्टी संपेपर्यंत पुरवायचे. पहिल्या दिवशी दहा उडवणारी मुलं पुढच्या सुट्टीत शेवटचे पाच फोटो आजीसाठी राखून ठेवायला लागली.

घरी रोल धुणारा आमच्यात एकच बहाद्दर आहे. कृष्णधवल रोलच्या रसायनाला साधारण २० अंशांचं पाणी लागतं आणि इथल्या नळाचं पाणी बारा महिने २८-३० अंश. म्हणून हा गृहस्थ बेसिनमध्ये बर्फ टाकून, थर्मामीटर घेऊन बसतो. बायको म्हणते, "एवढी काळजी दह्याच्या विरजणाची घेतली असती तर!" रंगीत रोलला उलट ३८ अंश लागतात. पाणी थोडं गरम केलं की झालं, पण ते तापमान जराही हलू द्यायचं नाही.

उजेडाचंही इथलं तंत्र वेगळं. आपण विषुववृत्तापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर. सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सरळ वर चढतो. पुण्यात हिवाळ्यात तास-दीड तास रेंगाळणारं कोवळं ऊन इथे अर्ध्या तासात आटोपतं. साडेदहानंतर माणसांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं पडतात, ती वयाची नव्हेत, डोक्यावरच्या उन्हाची. तेव्हा सरळ झाडाच्या सावलीत किंवा व्हॉइड डेकमध्ये फोटो काढावेत. ए.सी.च्या खोलीतून बाहेर आल्याबरोबर कॅमेरा काढला तर लेन्सवर वाफ धरते. पंधरा-वीस मिनिटं तो बॅगेतच बंद राहू द्यावा. आणि ड्राय कॅबिनेट ही इथे चैन नव्हे. चाळीस-पन्नास टक्के आर्द्रता राखणारी ती छोटी कपाटं म्हणजे लेन्सचा आयुर्विमा. सुरुवातीला घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल चालेल.

ही हौस आपल्या लोकांना नवी नाही, बरं का. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नावाजलेले छायाचित्रकार, हरिश्चंद्र चिंतामण हे मुंबईतले सुरुवातीचे व्यावसायिक छायाचित्रकार. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकले, गोध्र्याला स्टुडिओ काढून बसले. पुढे रुजणाऱ्या दाण्याची रोज थोडी थोडी चित्रं घेऊन त्यांनी रोपाच्या वाढीचा छोटा चित्रपट केला, तो 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी! आमच्यातल्या एका मुलीने स्वयंपाकघराच्या खिडकीत मोड आलेल्या मटकीवर हाच प्रयोग केला. सातव्या दिवशी कुणीतरी मटकीची उसळ केली, त्यामुळे चित्रपट अपुरा राहिला.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आमच्या घरांतले १९९० च्या दशकातले फोटो अजून आहेत. रंग थोडे उडालेत, पण निगेटिव्ह शाबूत. हरवलेत ते २००३ ते २०१० च्या दरम्यानचे. एका घरी मुलाच्या मुंजीचे फोटो एका सीडीवर होते, ती आता वाचलीच जात नाही. त्या फोटोंत असलेले पणजोबा आता नाहीत आणि त्यांचा त्यानंतरचा एकही धड फोटो नाही. तेव्हापासून आमचा नियम: वर्षाचे शंभर फोटो निवडून कागदावर छापायचे, मागे पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहायचं. बाकीच्यांच्या दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर, त्यातली एक भारतातल्या घरी. चिकट पानांचे जुने आल्बम असतील तर फोटो आधी जागेवरच स्कॅन करून घ्या, मग सोडवा. इथल्या दमटपणात ते पानाला घट्ट चिकटतात.

डिसेंबरात देशी जाणाऱ्यांसाठी शेवटचं. न धुतलेले रोल चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, तिथल्या जोरदार एक्स-रेने ते धुरकट होतात. हातातल्या सामानासाठीही काही विमानतळांवर सी.टी. स्कॅनर आलेत आणि तेही फिल्मला बाधतात. रोल पारदर्शक पिशवीत वेगळे ठेवा आणि सुरक्षा तपासणीला "हाताने तपासता का?" असं नम्रपणे विचारा. शक्य असेल तर सरळ तिकडेच धुऊन आणा.