शाळा सुटल्यानंतरचे मूल कोणाचे?

भारतीय कायद्याच्या दृष्टीने मूल सहा वर्षांचे झाले की त्याला सांभाळण्याची गरज संपते. १९४८च्या कारखाने कायद्याने तीसहून अधिक स्त्रिया काम करीत असलेल्या कारखान्यांना पाळणाघर बंधनकारक केले, ते सहा वर्षांखालील मुलांसाठी. केंद्र सरकारची ‘पालना’ योजनाही सहा महिने ते सहा वर्षे याच वयोगटाची. त्यापुढे शिक्षण हक्क कायदा लागू होतो आणि मूल शाळेच्या स्वाधीन झाले, असे गृहीत धरले जाते. शाळेचा दिवस व आईच्या कामाचा दिवस सारखा नसतो, याची दखल मात्र कोणताच कायदा घेत नाही.

हिशेब साधा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन आवश्यक आहे. आठवड्याला ४८ तास राबणारी स्त्री वर्षाकाठी सुमारे २,४०० तास कामावर असते. प्रत्यक्षात शाळा या किमान मर्यादेहून अधिक वेळ भरते, हे खरे. तरीही मोठी तफावत उरतेच. ती भरून काढतात आजी, शेजारीण, खासगी शिकवणी किंवा घरातली थोरली मुलगी. आणि यांपैकी कोणीच नसेल, तर आई नोकरी सोडते.

म्हैसूरमध्ये ही तफावत ठळकपणे दिसते. दसऱ्याच्या दिवसांत शाळांना सुट्टी असते आणि हॉटेले, दुकाने, प्रवासी वाहतूक यांत काम सर्वाधिक असते. उदबत्ती वळणाऱ्या, कपडे शिवणाऱ्या, घरकाम करणाऱ्या स्त्रियांना मुलांच्या सुट्टीबरोबर सुट्टी मिळत नाही. कर्नाटक सरकारने २०२३मध्ये ‘कूसिन मने’ ही ग्रामपंचायत स्तरावरील पाळणाघरांची योजना जाहीर केली. ती स्वागतार्हच आहे, पण तीही लहानग्यांपुरती.

विशेष म्हणजे, हा प्रश्न सोडविण्याची साधने याच शहरात हाताशी आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची प्रादेशिक शिक्षण संस्था येथे १९६३पासून शिक्षक घडवीत आहे. वाचा व श्रवण यांविषयीची अखिल भारतीय संस्था १९६५ची, भारतीय भाषा संस्थान १९६९चे. ‘रंगायण’ ही नाट्यसंस्था उन्हाळ्यात मुलांसाठी ‘चिण्णर मेळा’ भरविते. राज्यातील ग्रामपंचायत ग्रंथालये ‘ओदुव बेळकु’ या उपक्रमातून २०२०पासून मुलांना विनाशुल्क सभासदत्व देत आहेत. जागा आहे, ज्ञान आहे. नाही तो प्रशिक्षित माणूस.

हे काम शिकवणीचे नव्हे. सात आणि तेरा वर्षांच्या मुलांना एकाच खोलीत तीन तास गुंतवून ठेवणे, भांडण मिटवणे, गृहपाठाला आधार देणे पण तो करून न देणे, प्रथमोपचार, घरी कानडी, उर्दू, तमीळ वा मराठी बोलणाऱ्या मुलांशी संवाद, मूल कोणाच्या हाती सोपविले याची नोंद, ही सारी शिकावी लागणारी कौशल्ये आहेत. लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२च्या कायद्यान्वये गुन्ह्याची माहिती असणाऱ्यावर ती कळविण्याची सक्ती आहे. ही जबाबदारी अप्रशिक्षित स्वयंसेवकावर टाकून सरकारला हात झटकता येणार नाहीत.

अन्य देशांनी याची उत्तरे आपापल्या परीने शोधली आहेत. स्वीडनमध्ये शाळेनंतरच्या केंद्रांतील शिक्षकांसाठी विद्यापीठाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. जपानने २०१५पासून अशा केंद्रांतील साहाय्यकांसाठी पात्रता ठरवून २४ तासांचे प्रशिक्षण घालून दिले. आपल्याला मधला मार्ग परवडेल. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात बारावी उत्तीर्ण अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुचविला आहे. तसाच अभ्यासक्रम सहा ते चौदा वयोगटासाठी का नसावा? गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविणाऱ्या ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी मुलांच्या वेळेनुसार शाळा बदलता येते, हे महाराष्ट्राला कधीच दाखवून दिले आहे.

अडचण पैशाची आहे आणि ती लपवून उपयोग नाही. अंगणवाडी सेविकेला आपण दशकानुदशके ‘मानधन’ देत आलो. वेतन हा शब्द टाळला. नव्या अभ्यासक्रमातून बाहेर पडणाऱ्या तरुणींच्या हाती प्रमाणपत्र आले आणि पद व वेतन आले नाही, तर स्वस्त श्रमाचा आणखी एक वर्ग तेवढा तयार होईल. म्हणून आधी पदे मंजूर व्हावीत, मग प्रवेश. म्हैसूरसारख्या एका शहरात काही शाळांच्या रिकाम्या वर्गखोल्यांपासून आरंभ करता येईल. खर्च किती, हा प्रश्न जरूर विचारावा. मात्र आजवर तो खर्च कोण सोसत आले, याचेही उत्तर त्याच ताळेबंदात मांडावे. थोरल्या मुलीची बुडालेली शाळा आणि आईची सुटलेली नोकरी कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही, एवढेच.