मापं एकमेकांना बांधली तेव्हा

पॅरामेट्रिक डिझाइन म्हटलं की वास्तुकलेच्या आजच्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे झाहा हदीद यांचं बाकूमधलं हैदर अलीयेव्ह केंद्र येतं. पांढरं, वळणदार, कुठे कोपरा सापडणार नाही असं. त्यामुळे हा सगळा प्रकार म्हणजे संगणकातून निघालेले लहरदार आकार, अशी समजूत घट्ट बसली आहे. गेल्या साठ-पासष्ट वर्षांचा मागोवा घेतला तर मात्र सुरुवातीला आकाराचा हट्ट कुठेच दिसत नाही. दिसते ती मागच्या रांगेत बसलेल्या प्रेक्षकाची अडचण.

१९६० साली मिलानच्या त्रिएन्नाले प्रदर्शनात लुईजी मोरेत्ती या इटालियन वास्तुरचनाकाराने स्टेडियमची मॉडेल्स मांडली. ‘पॅरामेट्रिक वास्तुकला’ हा शब्दप्रयोग ते १९४०च्या दशकापासून करत होते. कुठल्याही रांगेतून खेळ नीट दिसला पाहिजे आणि काँक्रीटचा खर्चही आटोक्यात राहिला पाहिजे, ही त्यांची अट. नजरेचा कोन, अंतर, खर्च अशा गोष्टींची एकमेकांशी असलेली नाती त्यांनी गणितात मांडली, आयबीएम ६१० या संगणकावर आकडेमोड करून घेतली आणि त्यातून बैठकव्यवस्थेचे उतार ठरवले. स्टेडियमला आलेला बाक या हिशेबातून आला होता. पुढे निक्सन यांच्यामुळे जगभर गाजलेलं वॉशिंग्टनचं वॉटरगेट संकुल याच मोरेत्तींचं.

त्याही आधी, संगणकाचा मागमूस नसताना, अंतोनी गौदी यांनी बार्सिलोनाजवळच्या कोलोनिया ग्वेल वसाहतीतल्या चर्चसाठी छताला दोऱ्या टांगल्या होत्या. प्रत्येक दोरीला शिशाच्या छऱ्यांच्या लहान पिशव्या. दोरी वजनाने जो झोल घेते तो उलटा केला की कमानीचा योग्य आकार मिळतो, कारण टांगलेल्या दोरीत फक्त ताण असतो आणि उलट्या कमानीत फक्त दाब. एक पिशवी जड केली की शेजारच्या दोऱ्याही हलत आणि सगळं मॉडेल नवा तोल शोधून पुन्हा स्थिर होई. गौदींनी या मॉडेलवर दहा वर्षं घालवली. चर्च शेवटी तळघरापलीकडे गेलंच नाही, पण ते तळघर आजही उभं आहे.

पॅरामेट्रिक पद्धतीचा गाभा एवढाच. मापं सुटी लिहायची नाहीत, एकमेकांना बांधायची. जुना शिंपी छातीचं माप घेतो आणि मुंढा, गळा, खांदा त्याच्या हिश्शांत काढतो, तसंच हे. एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप हलतात. १९६३ साली एमआयटीत आयव्हन सदरलंड यांनी ‘स्केचपॅड’मध्ये ही करामत पडद्यावर आणली. प्रकाशाच्या लेखणीने दोन रेषा काढून त्या समांतर राहतील असं सांगितलं, की एक हलवल्यावर दुसरी तिच्यामागे जाई. एवढं हाती असूनही वास्तुकलेने पुढची पंचवीस-तीस वर्षं वाया घालवली असं माझं मत आहे. विमानं, मोटारी, यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्यांनी ती कल्पना उचलली. १९८८च्या सुमारास ‘प्रो-इंजिनिअर’ हे सॉफ्टवेअर आलं ते त्यांच्यासाठी. वास्तुरचनाकारांच्या ऑफिसांत मात्र संगणक म्हणजे ड्रॉइंग बोर्डाची महागडी जागा एवढंच राहिलं. रेषा कागदावरून पडद्यावर गेल्या, पण एकमेकींना ओळखत नव्हत्या.

फ्रँक गेरी यांच्या ऑफिसने १९९२च्या ऑलिंपिकसाठी बार्सिलोनाच्या किनाऱ्यावर भला मोठा मासा उभारला, तेव्हा ही कोंडी फुटली. त्यासाठी त्यांनी फ्रेंच विमान कंपनी दासोचं ‘कातिया’ हे सॉफ्टवेअर घेतलं. १९९७ साली बिल्बाओचं गुगेनहाइम संग्रहालय त्याच वाटेने झालं. टायटॅनियमच्या सुमारे ३३ हजार पातळ पत्र्यांचं. गेरींचा आकार हाताने केलेल्या मॉडेलमधून येई आणि संगणक तो कारखान्याच्या मापांत उतरवी; म्हणून शुद्ध अर्थाने याला पॅरामेट्रिक म्हणायला मी कचरतो. पण प्रत्येक पत्रा वेगळा असला तरी हिशेब कोलमडत नाही, हे बिल्बाओने कंत्राटदारांना पटवलं.

मला या साऱ्या काळातली सर्वात शिकण्यासारखी इमारत वाटते ती मात्र लंडनची, आणि तिचं नाव विद्यार्थ्यांच्या तोंडी क्वचितच असतं. युरोस्टार गाड्यांसाठी निकोलस ग्रिमशॉ यांनी केलेलं आणि १९९३ साली पूर्ण झालेलं वॉटर्लूचं आंतरराष्ट्रीय टर्मिनस. जागा अडचणीची. रूळ वळणावरचे, आणि फलाटांची रुंदी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कमी होत जाणारी. छताला ३६ कमानी हव्या होत्या आणि रुंदी बदलती असल्यामुळे त्यांची मापं वेगवेगळी येणार होती. छत्तीस कमानींची छत्तीस स्वतंत्र ड्रॉइंग्ज काढायची आणि एका ठिकाणी बदल झाला की सगळी पुन्हा काढायची, हा झाला नेहमीचा मार्ग. त्यांनी एकाच कमानीचं गणित लिहिलं. रुंदी किती हे सांगितलं की कमानीचे भाग आणि जोड त्यातून निघत. शेजारच्या दोन कमानी जोडणारे भागही त्याच गणिताला बांधलेले. एका बाजूला रूळ भिंतीच्या अगदी कडेने जातात, म्हणून तिकडे कमान जास्त उभी चढते. छताचा तो एकांगी डौल तिथून आला. ब्रिटिश म्युझियमच्या चौकावर २००० साली बसवलेल्या काचेच्या छताचीही अशीच गोष्ट. मधला गोल वाचनकक्ष चौकाच्या बरोबर मध्यावर नाही. त्यामुळे ३,३१२ काचांतली कुठलीही काच दुसरीसारखी नाही, आणि त्या जाळीचं गणित बाथ विद्यापीठाच्या ख्रिस विल्यम्स यांनी मांडलं.

अशी कामं करायला तोवर गणितज्ञ किंवा प्रोग्रामर जोडीला लागे. २००७ साली डेव्हिड रटन यांनी ‘राइनो’ या सॉफ्टवेअरसाठी जोडसाधन तयार केलं, तेच पुढे ‘ग्रासहॉपर’ या नावाने प्रसिद्ध झालं. कोड लिहायला नको. पडद्यावर ठोकळे मांडायचे, तारांनी जोडायचे आणि स्लायडर सरकवायचा. स्लायडर सरकतो तशी इमारत डोळ्यांदेखत फुगते, वाकते, पिळते. दहा वर्षांत ते जगभरच्या वास्तुकला महाविद्यालयांत पोहोचलं, आपल्याकडेही. हे साधन आल्याच्या पुढच्याच वर्षी, २००८ साली, झाहा हदीद यांचे सहकारी पाट्रिक शूमाकर यांनी ‘पॅरामेट्रिसिझम’ ही नवी जागतिक शैली असल्याचा जाहीरनामा मांडला. माझ्या मते घसरण इथे सुरू झाली. पद्धतीला शैली म्हटलं की अटी मागे पडतात आणि आकार पुढे येतो. त्यानंतर ज्युरींमधून, म्हणजे विद्यार्थ्यांच्या कामांच्या परीक्षणांतून, स्लायडर सरकवून मिळालेले मंडप पुष्कळ दिसले. ‘हाच आकार का’ या प्रश्नाला उत्तर मात्र नसे.

फर्निचरमध्ये हा काळ जास्त प्रामाणिक गेला, कारण खुर्चीला माणसाचं वजन पेलावंच लागतं. योरिस लारमान यांची २००६ सालची ‘बोन चेअर’ पाहा. मोटारीच्या भागांतला अनावश्यक धातू काढून टाकण्यासाठी ओपेल कंपनीत वापरात असलेलं गणित त्यांनी खुर्चीला लावलं. ताण नाही तिथलं द्रव्य काढत जायचं. उरली ती ॲल्युमिनियमची, हाडांच्या सांगाड्यासारखी खुर्ची, आणि तिची प्रत्येक फांदी भार वाहते.

आपल्याकडे हे तंत्र सीएनसी राउटर आणि लेझर कटरच्या रूपाने घराघरांत आलं. जाळी कापून देणाऱ्यांच्या पाट्या शहरोशहरी लागल्या. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आल्यावर खाचांत बसणारी प्लाय-एमडीएफची गणपतीची मखरं जास्त दिसू लागली. असं मखर कापताना पॅरामेट्रिक फाइलचा खरा उपयोग कळतो. १८ मिलिमीटरचा म्हणून घेतलेला प्लाय कॅलिपर लावला की साडेसतराही भरतो. खाच १८ची कापली तर जोड हलतो, १७ची कापली तर बसतच नाही. त्यात राउटरचा बिट गोल. आतला कोपरा काटकोनात निघत नाही, म्हणून खाचेच्या कोपऱ्यात बिटाच्या मापाचं लहान भोक जास्तीचं घ्यावं लागतं. साध्या ड्रॉइंगमध्ये नवा प्लाय आला की एकेक खाच दुरुस्त करत बसायचं. फाइल नीट बांधलेली असेल तर प्लायची जाडी आणि बिटाचा व्यास हे दोनच आकडे बदलायचे. चाळीस खाचा जागच्या जागी दुरुस्त होतात.

डिजिटल फॅब्रिकेशनच्या, म्हणजे संगणकातल्या फाइलवरून यंत्राने वस्तू घडवण्याच्या, या कथेत पुणे जिल्ह्यातल्या पाबळचं पान आहे, आणि ते आपणच फारसं उघडत नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. खेड्यातल्या मुलांनी हाताने काम करत शिकावं म्हणून. एमआयटीचे नील गर्शनफेल्ड यांची ‘फॅब लॅब’ची कल्पना २००२ साली अमेरिकेबाहेर पडली, ती आधी या पाबळमध्ये आली. बार्सिलोना, ॲमस्टरडॅमच्या प्रयोगशाळा त्यानंतरच्या. पाबळला वळणदार मंडप नको होते. दुधाची प्रत तपासणं, शेतीवरच्या इंजिनांची कार्यक्षमता मोजणं, असली कामं तिथे यंत्रांपुढे आली.

त्याच आश्रमाने त्रिकोणी सांगाड्याचे घुमट बांधण्याचं तंत्रही रुजवलं, आणि मला ते या विषयाचं सर्वात स्वच्छ उदाहरण वाटतं. अशा घुमटाच्या एका साध्या प्रकारात फक्त दोन लांबींच्या पट्ट्या लागतात: त्रिज्येच्या ०.५४६ पट आणि ०.६१८ पट. तीन मीटर त्रिज्येचा घुमट हवा असेल तर १.६४ आणि १.८५ मीटरच्या पट्ट्या कापा. त्रिज्या बदला, पट्ट्या बदलतील. संगणक न उघडता, टेप आणि कटर घेऊन, दहावीतल्या मुलाला करता येईल असं हे पॅरामेट्रिक डिझाइन.

गेल्या दशकात जगातली चांगली कामं पुन्हा अटींकडे वळलेली दिसतात. झुरिकच्या ब्लॉक रिसर्च ग्रुपने २०१६ साली व्हेनिसमध्ये चुनखडीच्या ३९९ दगडांचं छत उभारलं, त्यात चुना नाही, सळ्या नाहीत. ते उभं राहिलं केवळ गौदींच्या दोऱ्यांच्या हिशेबावर. २०१७ साली खुल्या झालेल्या हॅम्बुर्गच्या एल्बफिलहार्मोनीत सभागृहाला दहा हजार वेगवेगळे पॅनेल आहेत. त्यांच्यावर सुमारे दहा लाख खळगे कोरलेले आहेत आणि त्या खळग्यांची मापं आवाज कसा विखुरला पाहिजे यावरून ठरली.

वास्तुकला शिकवणाऱ्यांना म्हणून एक विनंती. ग्रासहॉपरचा पहिला तास घेण्याआधी मुलांना पाबळला न्या. एक घुमट त्यांच्याकडून बांधून घ्या, त्रिज्या त्यांना ठरवू द्या, पट्ट्या त्यांच्याच हातांनी कापू द्या. आणि ज्युरीत कुणी लहरदार छत मांडलं, तर त्यातला कुठला आकडा कशाला बांधला आहे हे सगळ्यात आधी विचारा.