लुगडं आधी गेलं, वाकळ मागाहून

कर्नाटकातल्या भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या सीमेलगतच्या पट्ट्यात तिला कुणी गोधडी म्हणतं, कुणी वाकळ. शेजारच्या कानडी घरात ती कौदी. शिवायची रीत जवळपास एकच. चार-पाच जुनी लुगडी-धोतरं एकावर एक अंथरायची, वर ठिगळं मांडायची आणि कडेपासून धावदोरा घालत आत आत जायचं. मधोमध पोचलं की झाली.

काम सुगीनंतरचं. तूर-ज्वारी घरात आली की मृगापर्यंत शेतात हाताला काम कमी, म्हणून याला फावल्या वेळचं काम म्हणत. हे नाव न शिवणाऱ्यांनी ठेवलेलं असणार! दळण, पाणी, सरपण उरकून भर दुपारी बायका ओसरीवर बसायच्या, कापड सरकू नये म्हणून कड पायाखाली दाबायची, सुई बोटात जायची, पाठ धरायची. ज्यांना तेवढीही सवड नसे त्यांच्या दारी गोंधळी, बुडगे जंगम अशा समाजांतल्या फिरत्या बाया येत आणि धान्यावर वाकळ शिवून देत.

१ नोव्हेंबर १९५६ ला जुन्या बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, नारायणखेड-जहिराबाद आंध्रात, उरलेला म्हैसुरात. सोयरिकी मात्र चालूच राहिल्या. बाळंतपणाला भालकीला आलेली उदगीरची सून परत निघायची ती आजीच्या मऊ पडलेल्या लुगड्याची बाळगोधडी घेऊनच.

घटस्थापनेआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायला निघे. मांजरेच्या नाहीतर कारंजेच्या काठी दगडांवर वाकळा वाळत पडल्या की कुणाचा टाका बारीक, कुणी लांब टाके घालून उरकलंय, ते साऱ्या गावाला दिसे. त्यावर बोललंही जाई.

वाकळ मागे का पडली, असं विचारलं की लोक ब्लँकेटकडे बोट दाखवतात. मला ते पुरतं पटत नाही. सोलापूर इथून हाकेच्या अंतरावर; तिथली चादर कधीपासून आहेरात येत होती, तरी घरोघर वाकळा शिवल्या जातच होत्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सीमेअलीकडच्या गावांतही माणसं भिंतींच्या धास्तीनं अंगणात झोपू लागली, आणि भूकंपग्रस्त भागात मदतीच्या ट्रकांतून ब्लँकेटं आली. तोवर खरा बदल दांडीवर वाळत असलेल्या साडीत होऊन गेला होता.

नायलॉन, मग टेरिलिन-पॉलिस्टर. स्वस्त, रंग न सोडणारी, पिळून टाकली की घटकाभरात वाळणारी साडी. हातपंपावर धुणं धुणाऱ्या बाईनं ती का नेसू नये? पण सुती लुगडं नेसून-धुऊन विरत जातं, मऊ होतं. पॉलिस्टरची साडी फाटेपर्यंत जशीच्या तशी राहते. सुईखाली सरकते, घाम टिपत नाही, थर एकमेकांना धरत नाहीत. तिची वाकळ शिवली तरी उन्हाळ्यात अंगावर नको होते. एका पिढीत पेट्यांमधली सुती लुगडी संपली, धोतरांच्या जागी पँटी आल्या, आणि शिवायला धड कापडच उरलं नाही. 

जुने कपडे आता पानिपतला जातात. तिथल्या कारखान्यांत ते पिंजून पुन्हा सूत काढतात, ब्लँकेटं विणतात आणि ती आठवडी बाजारात येतात.

दरम्यान गोधडीला प्रतिष्ठा आली. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी समाजातल्या बायकांच्या गोधड्या प्रदर्शनांत लागतात. महाराष्ट्रातल्या गोधड्या शिवणाऱ्या बायकांवर गीता खंडेलवाल यांनी इंग्रजीत देखणं पुस्तक केलं. पुण्या-मुंबईत तान्ह्या बाळासाठी हातशिलाईची सुती गोधडी मागणारं गिऱ्हाईक आहे, आणि ते रोख मजुरी देतं, ही मला त्यातली सर्वांत चांगली गोष्ट वाटते. अडतं ते कापडापाशी. आजीची लुगडी राहिलेली नाहीत, म्हणून दुकानातून नवी सुती साडी आणायची, खळ निघेपर्यंत धुवायची आणि मग कापून शिवायला द्यायची.